दोन पावलं आधी

कबड्डी खेळून आलेला मुलगा रग्बीच्या मैदानावर मी लगेच ओळखतो. पुढचा गडी चेंडूवर वाकला की याचे हात आपोआप त्याच्या घोट्याकडे जातात. मुरलेली पकड ती. रकमध्ये, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूभोवती होणाऱ्या झटापटीत, मात्र तीच घातक ठरते, म्हणून शिकवताना माझा पहिला महिना ती सवय मोडण्यात जातो.

टॅकल झालेला खेळाडू खाली पडलेला, चेंडू जमिनीवर, आणि विरोधी संघाचा एक जण पाय रोवून तो चेंडू उपसतोय. हा जॅकलर. चेंडू राखायचा तर याला हटवायलाच हवं. यायचं आपल्या शेवटच्या माणसाच्या पायामागून. बाजूने घुसलात की पेनल्टी. खांदे कमरेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. खांदा त्याच्या छातीखाली घालायचा, हात त्याच्याभोवती घट्ट आवळायचे आणि मग बारीक, भरभर पावलं टाकायची. तो चेंडूच्या पलीकडे जाईपर्यंत पाय थांबता कामा नयेत. जोर मांड्यांचा, हात फक्त धरायला.

हे साधतं ते वेळेवर पोचलं तरच. दोन पावलं उशीर झाला की जॅकलर रुतून बसतो, छातीखाली शिरायला फटच उरत नाही. मग माणूस मान धरतो, हात न आवळता नुसता खांदा मारतो, त्याच्या पायांवर अंग टाकतो. हे सगळं बेकायदा आहे, पण सर्वांत वाईट क्रॉक रोल. मगर भक्ष्य धरून गिरकी घेते, तसं जॅकलरला मिठी मारून स्वतःसकट लोळवायचं. त्याचा पाय रोवलेला असतो. अंग फिरतं, गुडघा फिरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये इटलीविरुद्ध ट्विकनहॅमला इंग्लंडचा जॅक विलिस असाच जायबंदी झाला. प्रेक्षकांविना रिकाम्या स्टेडियममधली त्याची किंकाळी मी टीव्हीवर ऐकली आहे. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संस्थेने १ जुलै २०२४ पासून या प्रकारावर बंदी घातली.

मीही तो केला आहे. पावसाळ्यातला सामना, चिखल, आणि मी उशिरा पोचलो. पंचांची शिट्टी वाजली नाही. तो मुलगा उठला, पण लंगडत गेला. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

रक शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: धक्क्याआधी धावणं शिकवा. टॅकल होण्यापूर्वीच निघायला शिकवा. आणि उशीर झालाच, तर चेंडू जाऊ द्या, बचावाच्या रांगेत उभे राहा.