मागचे दार

जून 2023 मध्ये मी रेडिट सोडले. आमच्या रामनगरात कुणी दखल घेतली नाही, आणि ते योग्यच झाले. कन्नड विभागातला एक मित्र एवढेच म्हणाला, "निनगेनु लाभ?" लाभ काहीच नव्हता. उलट मला ते जड गेले.

दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठीत. पीयूसीला अकौंटन्सी एकदम इंग्रजीत आली. तेव्हा मी मोडक्या इंग्रजीत तिथे प्रश्न टाकीत असे. डेप्रिसिएशन म्हणजे आपला घसारा, हे मला उमगले ते एका अनोळखी माणसाने ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊन तीन परिच्छेद लिहिले तेव्हा. त्याला त्याचे काय मिळाले? काही नाही.

मी हे वाची ते बाहेरच्या कुणी बनवलेल्या अॅपवर. चित्रे गाळून नुसता मजकूर आणणारे ते अॅप जोयड्याच्या डोंगरातल्या रडक्या नेटवर्कवरही चाले. अशी अॅप्स कितीतरी होती. कंपनीने ठेवलेल्या मागच्या दारातून, म्हणजे एपीआयमधून, ती मजकूर उचलीत, तेही फुकट. मग 2023 साली दर आला: 5 कोटी विनंत्यांना 12,000 डॉलर. आयफोनवरच्या 'अपोलो'च्या महिन्याला 700 कोटी विनंत्या होत. त्याचे कर्ते क्रिश्चन सेलिग यांनी 31 मे रोजी हिशेब जाहीर केला. मी वहीच्या मागे मांडून पाहिला. महिन्याला 16 लाख 80 हजार डॉलर, वर्षाला दोन कोटींच्या वर! मुदत 1 जुलैपर्यंत, जेमतेम एक महिना.

बाबांचे किराणा दुकान आहे. ते म्हणाले, "अरे, फुकट किती दिवस देणार? भाव वाढवायचा हक्क आहे त्यांना. पण घाऊकवाला गिऱ्हाईक टिकेल असाच भाव वाढवतो. एवढा भाव सांगतात तो माल द्यायचाच नसतो तेव्हा." वर्गात हे इतके सोपे करून अजून कुणी सांगितलेले नाही. (प्राध्यापकांनी क्षमा करावी.)

12 जूनला हजारो समूहांनी निषेध म्हणून आपली दारे लावून घेतली. हे समूह चालवणारेही बिनपगारीच. दर हलला नाही. 30 जूनला अपोलो बंद झाले, माझे अॅपही गेले. मार्च 2024 मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात 34 डॉलरला आले.

जाताना पुष्कळांनी आपले सारे लिखाण पुसून टाकले. माझेही बोट तिथवर गेले होते. पण माझा प्रश्न पुसला तर त्याखालचा ट्रॅक्टर कुणाला सहजी सापडला नसता. खाते तेवढे काढले. प्रश्न तिथेच आहे. नावाच्या जागी 'डिलीटेड'.