गाडी डावीकडे ओढते

मोटारीला रीतसर अपघात झाला, तर त्यात एक प्रकारची प्रतिष्ठा असते. माणसं जमतात. कुणीतरी पाणी आणून देतं. कुणी "पोलिसांना बोलवा" म्हणतो, दुसरा "कशाला उगाच, आपसात मिटवा" म्हणतो. मुख्य म्हणजे भांडायला समोर एक माणूस असतो. पुण्यात तर हा माणूस असल्याशिवाय अपघात पुरा झाला असं कुणी मानतच नाही. फुटपाथला चाक आपटलं तर यातलं काहीच होत नाही. 'धाड्' असा एक आवाज होतो, शेजारून जाणारा स्कूटरवाला मान वळवून एकदा हसतो, आणि संपलं. फुटपाथकडे लायसन नसतं, विमा नसतो, आणि "तुम्हीच मध्ये आलात" असं त्याला कितीही सांगितलं तरी तो जागचा हलत नाही.

आमच्या गाडीने फुटपाथला धडक दिली तेव्हा स्टीअरिंगवर मी नव्हतो. नावे कुणाच्या आणि जमा कुणाच्या, हे आधी साफ करून घ्यायची मला बावीस वर्षांची सवय आहे. (हल्ली आम्हा क्लार्कांना कागदोपत्री 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटरपलीकडचे लोक पूर्वीचंच म्हणतात.) तेव्हा नोंद अशी : गाडी माझी, कर्ज माझं, पेट्रोल माझं, आणि स्टीअरिंगवर आमचे मेहुणे. म्हणजे सौभाग्यवतींचे थोरले बंधू, आमचे सर्वांचे दादा. गेली एकोणीस वर्षं मुक्काम न्यूजर्सी.

दादा गाडी वाईट चालवतात असं मी म्हणणार नाही. तिकडे म्हणे ते बर्फातही चालवतात. पण तिकडे माणूस गाडीत डाव्या अंगाला बसतो, आणि गाडीचा सगळा पसारा त्याच्या उजव्या हाताला असतो. एकोणीस वर्षं अशी बैठक झालेला माणूस एकाएकी उजवीकडे बसवला, की त्याला मनातून वाटतं, आपल्या डाव्या खांद्यापाशी गाडी संपली. प्रत्यक्षात तिथून पुढे आणखी चार फूट गाडी शिल्लक असते. त्या चार फुटांचा हिशेब कोथरूडच्या एका वळणावर लागला. पुढचं डावं चाक फुटपाथच्या काळ्या-पांढऱ्या दगडावर चढलं आणि पुन्हा खाली आलं.

"दादा, लागलं नाही ना तुला?" सौ.

"छे गं, जस्ट टच झालं."

मागच्या सीटवर आमच्या सासूबाई होत्या. वय वर्षं एक्याऐंशी. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चष्मा सारखा केला. रात्री सौ.नी मला स्वयंपाकघरात बोलावून हुकूम सोडला : "दादाला एक अक्षर बोलायचं नाही. सहा वर्षांनी आलाय. मंगळवारी परत जाणार. शनिवारी आपण सगळे हरिहरेश्वरला जातोय, आईचा कधीचा बेत आहे. ह्यात विघ्न नको."

विघ्न मी काय घालणार? ते आधीच चाकात बसलं होतं.

सोमवारी बँकेत जाताना लक्षात आलं, की स्टीअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाते, आणि गाडी सरळ न्यायची तर स्टीअरिंग उजवीकडे तिरकं धरावं लागतं. सरळ रस्त्यावर मी सतत उजवीकडे वळतोय असं बघणाऱ्याला वाटत होतं. एका रिक्षावाल्याने मला "काका, वळायचंय का?" असं विचारलं. पुण्यातला रिक्षावाला वळायच्या आधी विचारतो, यावरून परिस्थितीचं गांभीर्य ओळखावं.

आमच्या हेड कॅशियरांना मोटारीतलं कळतं, निदान ते तसं सांगतात. त्यांनी 'अलाइनमेंट' असं एका शब्दात निदान केलं आणि ओळखीचं दुकान सांगितलं. तिथे गाडी उंच घोडीवर चढवली, चारी चाकांना चार चकचकीत पाट्या बांधल्या, आणि पडद्यावर आकडे आले. लाल आणि हिरवे. आकडे अंश आणि कला यांत होते. साठ कला म्हणजे एक अंश, हे मी भूमितीच्या तासानंतर प्रथमच ऐकत होतो. त्यावेळी मास्तरांनी जर सांगितलं असतं की याचा उपयोग मेहुण्यामुळे होईल, तर मी नीट लक्ष दिलं असतं.

तिथल्या पोराकडून मी जे समजून घेतलं ते तुम्हालाही सांगून ठेवतो. मेहुणे तुम्हालाही असतील. पुढच्या चाकांचे तीन कोन असतात. पहिला 'टो', म्हणजे चवडे. काही माणसं चवडे बाहेर टाकून चालतात, काही आत. चाकांचंही तसंच. हे चवडे बिघडले की टायर नुसतं फिरत नाही, आडवं खरवडतंही जातं, आणि खोबरं किसावं तसं एका कडेने किसलं जातं. दुसरा 'कॅम्बर' : चाक उभं राहताना आत कललंय की बाहेर. तिसरा 'कॅस्टर' : सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसला तिरकेपणा. वळून झालं की स्टीअरिंग आपसूक जागेवर येतं, ते बरंचसं याच्या कृपेने.

पुढची दोन्ही चाकं वळणावर सारखी वळत नाहीत, आतलं चाक जास्त वळतं, हेही मला तिथेच कळलं. (घरातही असंच असतं. जो आतल्या अंगाला सापडतो त्याला जास्त वळावं लागतं.) घरी येऊन चिरंजीवांच्या मदतीने अधिक माहिती काढली. ही युक्ती म्यूनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्ग्या बांधणाऱ्या माणसाची. लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं त्याच्या एजंटाने, रुडॉल्फ ॲकरमनने, १८१८ साली. आणि आज सगळं जग तिला ॲकरमनच्या नावाने ओळखतं. ज्या साली आमची पेशवाई बुडाली, त्याच साली बिचाऱ्या लँकेनस्पर्गरचंही नाव बुडालं. खातं एकाचं आणि रक्कम नॉमिनीला, हा प्रकार बँकांच्याही आधीपासून आहे तर.

असो. पोराने टाय रॉड फिरवून चवडे जुळवले, आकडे हिरवे झाले, त्याचा छापील कागद माझ्या हातात दिला. कागद इतका देखणा होता की मी तो फाइलला लावला. फक्त गाडीने तो वाचला नव्हता. ती अजूनही डावीकडे ओढत होती. कॅम्बरसमोरचा एक आकडा लालच होता, त्याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तो ह्या गाडीत ॲडजस्ट होत नाही." म्हणजे ताळेबंद जुळत नाही तेव्हा 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकतात, त्यातलंच हे.

गुरुवारी संध्याकाळी बँकेशेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. टीचभर जागा, एक कॉम्प्रेसर, आणि पाण्याचं एक घमेलं. त्याने हवेची नळी लावली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, गुडघ्यावर बसून चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला.

"साहेब, फुगा आलाय."

मीही वाकून हात घातला. टायरच्या आतल्या गालाला लिंबाएवढं टेंगूळ लागलं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्याने समजावून सांगितलं ते असं : टायरच्या गालात रबराच्या आत दोऱ्या असतात, सगळा ताण त्या धरतात. दगड आणि रिम यांच्यामध्ये गाल चिमटला की दोऱ्या तुटतात, आणि मग हवा नुसत्या रबराला ढकलत राहते. याला पॅच लागत नाही, शिलाई चालत नाही. उद्या फुटेल, महिन्याने फुटेल, सांगता येत नाही. भरल्या गाडीत, वेगात फुटण्याची शक्यता जास्त.

"कुठे लांब नाही ना जायचं?"

"शनिवारी. ताम्हिणी घाटाने."

त्याने हवेची नळी गुंडाळून खुंटीला टांगली. "मग नका जाऊ ह्याच्यावर," एवढंच म्हणाला. हवेचेही पैसे घेतले नाहीत. पुण्यात कुणी पैसे न घेता सल्ला दिला, की तो मानावा.

घाटात गाडीत पाच माणसं असणार होती, आणि त्यातल्या एकीला गुडघ्यांमुळे दरवाजा उघडून खाली उतरायलाच पाच मिनिटं लागतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. दादांना सांगावं तर त्यांचे उरलेले चार दिवस अपराधात जातील आणि माझं पुढचं वर्ष सौ.च्या मौनात. न सांगता गाडी दुरुस्तीला टाकावी, तर "गाडी कुठे?" हा प्रश्न येणार. शेवटी मी घरात जाहीर केलं, की बँकेत अचानक ऑडिट आलंय, फाइली न्यायच्या आहेत, शुक्रवारी गाडी मला लागेल. बँकेतल्या माणसाने ऑडिटचं नाव घेतलं की कोणी पुढे विचारत नाही. मी रजा टाकली आणि उस्तादांच्या गॅरेजला गेलो.

उस्तादांकडे पडदा नाही, छापील कागद नाही. त्यांनी चाक काढलं, खाली आडवे झाले आणि बॅटरीच्या उजेडात तीन मिनिटं बघितलं. "लोअर आर्म वाकलाय. हाड मोडलंय, आणि त्यांनी बूट सरळ करून दिला." वाकलेल्या आर्मवर अलाइनमेंट कितीही केली तरी व्यर्थ. आधी आर्म बदलायचा, मग टायर, मग रिमचा वाक काढायचा, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. आमची पत्र्याची रिम होती म्हणून वाक निघाला. अलॉयची असती तर तडा जाण्याची भीती, असं त्यांचं मत. महागड्या गाड्यांना हल्ली पाटीसारखे चपटे टायर असतात, त्यात गालाची उंचीच कमी, मार थेट रिमला. आमचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, गालाची उंची त्याच्या ८० टक्के, आणि रिम १४ इंच. एकाच वस्तूत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आम्ही व्याजाची अशी आकारणी केली असती, तर ग्राहकांनी शाखा पेटवली असती.

टायरवर उत्पादनाची तारीखही असते. चार आकडे : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चेकची तारीख बघावी तशी मी ती बघून घेतली. दुकानदार मनातून खट्टू झाला. एकाच कण्यावर एक नवा आणि एक झिजलेला नको म्हणून दोन टायर घ्यावे लागले. जुन्यातला धड राहिलेला स्टेपनीला गेला. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या थॉमस मॉरिस डेव्हिसने १९०४ साली हे जादा चाक काढलं. आपल्याकडे वाटतं, हा कुठल्यातरी मेकॅनिकच्या तोंडातला बिघडलेला शब्द असेल.

हिशेब असा : दोन टायर ८,९०० रुपये, लोअर आर्म १,७५०, बसवणावळ ६५०, रिमचा वाक ३५०, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ७५०. एकूण १२,४००. विम्याचा विचार मी केला नाही असं नाही. टायरचं नुकसान विम्यात मुळी धरतच नाहीत. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच, आणि तेव्हासुद्धा टायरची निम्मीच किंमत. शिवाय पाच वर्षं क्लेम न करून मी पन्नास टक्क्यांचा 'नो क्लेम बोनस' जमवलेला, तो एका फटक्यात शून्यावर. वाणिज्य शाखेचं सगळं शिक्षण पणाला लावून मी गणित केलं, आणि खिशातून पैसे काढले. दिवाळीत घ्यायचा फ्रीज त्या पैशांबरोबर पुढल्या दिवाळीला गेला.

शुक्रवारी रात्री गाडी नाकासमोर चालत होती. मी निश्चिंत झालो, आणि जेवताना दादा म्हणाले, "उद्या घाटात मी चालवतो जावईबापू, तुम्ही दमला असाल ऑडिटने."

गाडीची अलाइनमेंट झाली होती. दादांची कुठे करणार? त्यांच्या लेखी गाडी अजूनही डाव्या खांद्यापाशीच संपत होती. सौ. ताटाकडे बघत होती. घरातल्या कर्त्या मुलाला, तेही पाहुण्या आलेल्या, नाही कसं म्हणायचं? मी ताकाची वाटी उचलली आणि तोंड गुंतवून घेतलं.

"तू नको रे," सासूबाई म्हणाल्या. "तू मागे माझ्याजवळ बस. मला वळणावर धरायला कुणीतरी लागतं."

विषय संपला. शनिवारी पिरंगुट सुटलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं, आणि मी आरशात बघितलं तर सासूबाई लेकाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. त्यांचा हात त्याच्या हातात. ताम्हिणीची सगळी वळणं, माणगाव, म्हसळं, दादा त्या अंगाला तसूभरही हलले नाहीत. हरिहरेश्वरला उतरवल्यावर त्यांना तो हात नीट सरळही करता येईना. सासूबाई मात्र ताज्यातवान्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "ऑडिट झालं का नीट? त्या दिवशी चाक माझ्याच बाजूचं होतं हो."

मंगळवारी रात्री दादांना विमानतळाच्या टॅक्सीत बसवून दिलं. सामान चढलं, नमस्कार झाले, डोळे पुसून झाले. टॅक्सी हलता हलता त्यांनी काच खाली केली.

"जावईबापू, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी चालवली ना, तेव्हा गाडी जरा डावीकडे ओढते असं वाटलं मला. एकदा अलाइनमेंट बघून घ्या."

"बघतो," मी म्हटलं.