लॅमिंग्टन रोड : भाव विचारावा तर इथंच!

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला बाहेर पडलं, की थोड्याच मिनिटांत लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा, तो मान वळवून विचारेल, 'किधर?' १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव लोकांच्या तोंडातून काही जात नाही.

जुन्या मुंबईकराच्या लेखी हा रस्ता सिनेमाचा. नाझ, इम्पिरियल, अप्सरा, मिनर्व्हा... मिनर्व्हात १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षं हलला नाही! नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. कोणता सिनेमा कुठल्या मुलखासाठी कितीला विकायचा, याची घासाघीस तिथं चालायची. थोडक्यात काय, भाव पाडणं आणि भाव चढवणं हे या रस्त्याच्या रक्तातच आहे. फक्त माल बदलत गेला. रेडिओचे सुटे भाग आले, टेपरेकॉर्डर आले, मग संगणक आले. आज इथं सर्वात जास्त वाद होतात ते ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवरून.

हे कार्ड म्हणजे संगणकातला चित्रकार. पडद्यावरचं प्रत्येक दृश्य सेकंदाला साठ-साठ वेळा नव्यानं रंगवायचं काम त्याचं. साध्या टायपिंगला त्याची गरज नाही, पण आजचे खेळ त्याच्याशिवाय अडखळतात. घराघरांतली मुलं त्यासाठी हट्ट धरून बसतात ती म्हणूनच.

डिसेंबर २०२५ मधल्या एका शनिवारी असेच एक बापलेक डोंबिवलीहून आले होते. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यानं बावीस हजार साठवले होते, वरचे आठ वडील घालणार होते. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून वडिलांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली.

'तीस हजारांत फ्रीज येतो रे!' पहिल्या दुकानाची पायरी चढताना वडील म्हणाले.

'बाबा, फ्रीज आहे ना आपल्याकडे.'

पहिल्या तीन दुकानांत एकच प्रश्न आला, 'बजेट बोलो.' आकडा ऐकला, की बरोब्बर त्या आकड्याच्या वर दोन हजारांचा खोका काउंटरवर! यातल्या एकानं बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो, असंही सुचवलं. वडिलांचे डोळे क्षणभर चमकले. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे बिनबिलाचा भाव गोड लागतो खरा. पण कार्डाला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि कार्ड बिघडलं की आधी बिलच मागतात. दुबईहून बॅगेतून आलेल्या मालाचं तर इथं कोणी ऐकूनही घेत नाही. मुलानं बाबांचा शर्ट ओढला, म्हणून बरं.

या किमतींचं गणित गिऱ्हाइकाला कोड्यासारखं वाटतं. जाहिरात डॉलरमध्ये होते आणि मुलं घरबसल्या डॉलरला रुपयांनी गुणतात. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडिया कंपनीनं आरटीएक्स ५०७० हे कार्ड ५४९ डॉलरला जाहीर केलं. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सत्तेचाळीस हजार. भारतातली किंमत मात्र ५९,००० निघाली! त्यात लूट शोधायची गरज नाही. अमेरिकेतली जाहीर किंमत करावाचून असते, आपल्याकडची करासकट. अठरा टक्के चढवले की साडेपंचावन्न हजार होतात. उरलेला फरक वाहतूक, आयातदार आणि वितरक यांच्या वाट्याचा.

पण इथल्या मंडळींना खरा धडा दिला तो २०२१ सालानं. त्या वर्षी इथेरियम नावाचं आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक कार्डांचे ढीगच्या ढीग उचलत होते. त्यातच चिपांचा जगभर तुटवडा. ३२९ डॉलरचं म्हणून जाहीर झालेलं आरटीएक्स ३०६० दुप्पट भावात विकलं जात होतं, आणि तेही मिळेल त्याला! १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, त्यासाठी कार्डांची गरजच संपली. मग दिवसरात्र राबवलेली ती कार्डं पुसूनपासून बाजारात आली. सेकंडहँड कार्ड घेताना आजही ते चालवून, तापवून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारे महाभागही आहेत.

चौथं दुकान गल्लीच्या तोंडाशी, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. गल्ल्यावर एक वयस्क कच्छी शेठ. त्यांनी बजेट विचारलंच नाही.

'स्क्रीन केवढा?'

'चोवीस इंच. फुल एचडी,' मुलगा म्हणाला.

'बोर्ड कधीचा?'

'२०१९ चा.'

'अने पॉवर सप्लाय? किती वॅटचा?'

इथं चिरंजीव गप्प. शेवटी घरी फोन लागला. पलीकडे आईनं स्क्रू काढून संगणकाची कड उघडली, टॉर्च मारला आणि वाचून दाखवलं, 'चारशे पन्नास लिहिलंय. कंपनीचं नाव काही लागत नाही रे... आणि धूळ किती साचलीय इथं!'

शेठ हसले. 'काका, सहा वर्सांचा लोकल सप्लाय. त्याच्यावर तीस हजारांचं कार्ड लटकवू नका. आधी हा बदला. पाच हजार वेगळे ठेवा.'

मग त्यांनी कार्डांची पत्रिकाच मांडली. आरटीएक्स ५०६० चांगलं, पण ते बोर्डाशी आठच वाटांनी बोलतं. जुन्या बोर्डावर या वाटा अरुंद असतात, तिथं वेग थोडा मार खातो. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबी मेमरीचं, किमतीच्या मानानं भरगच्च. पण बोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय नसेल तर ते लंगडतं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा वाटांचं, तुमच्या बोर्डाला धार्जिणं. ते आठ जीबीचं येतं आणि सोळाचंही. दोघांत चांगला सहा-सात हजारांचा फरक.

'आठात भागेल?' वडिलांनी विचारलं.

'आज भागेल. काही नव्या गेम आत्ताच कुरकुर करतात.'

खरं म्हणजे या खरेदीतली ठेच इथंच आहे. तीस हजारांच्या वस्तूत उद्याची शाश्वती नसावी, हे कुटुंबवत्सल माणसाला पटत नाही, आणि पटूही नये. जून २०२५ मध्ये आठ आणि सोळा जीबीच्या कार्डांत जाहीर फरक होता फक्त पन्नास डॉलरचा. एवढ्यासाठी कंपन्यांनी आठाची आवृत्ती काढली नसती तर गिऱ्हाईक फसण्यातून वाचलं असतं.

'मग थांबू का? गुढीपाडव्याला उतरेल?'

शेठनी दोन्ही हात वर केले. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना त्या अफाट लागतात. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी जातीनं वेगळी, पण बनते त्याच कंपन्यांत. 'थांबलात तर स्वस्त होईल असं मी बोलणार नाही. महाग झालं तर मला शिव्या देऊ नका.'

बापलेक बाहेर फुटपाथवर येऊन उभे राहिले. हातगाडीवाला मॉनिटरचे खोके ओढत गेला, दोघं भिंतीला चिकटले. तीस वजा पाच, राहिले पंचवीस. आठवाल्यालाही पुरत नव्हते.

'मी घालतो अजून पाच. आठवालं घेऊन टाक,' वडील हळूच म्हणाले.

मुलानं मोबाइलवर काहीतरी आकडेमोड केली. शिकवणीची अजून तीन महिन्यांची फी.

'नको बाबा. सोळावालंच घेऊ. मार्चमध्ये येऊ.'

'आणि महाग झालं तर?'

'तर एक शिकवणी वाढवीन.'

त्या दिवशी फक्त पॉवर सप्लाय घेतला, पक्क्या बिलासकट. शेठनी दोनशे रुपये आपणहून कमी केले. बिल वडिलांनी चार वेळा घडी घालून पाकिटात ठेवलं. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या इराण्याकडे मावा केक शिल्लक होते. एक आईसाठी बांधून घेतला, आणि ४:५० ची लोकल पकडायला दोघं जिन्याकडे धावले.