फुलंब्रीची वाट आणि मुके झालेले पाय

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघालात, की वाटेत फुलंब्री लागते. प्रवासी येथे चहापुरते थांबतात. आपण थांबलात, तर क्षणभर माणसांच्या पायांकडे पाहावे. गिरिजा नदीच्या या परिसरात कपाशी, मका, अद्रकाची शेते. दारे धरताना चिखलात रुतणारी चप्पल बांधावर काढून ठेवण्याची रीत. शेजारच्या खुलताबादला निद्रिस्त भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भाविक तेथे पायी जातात, काही जण अनवाणी.

त्या वाटेने गेलेल्या एका आजोबांची ही हकीकत. मधुमेह जुना. रात्री तळपायांची आग होई, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नसे. पायांवर ओला पंचा टाकून ते पहाटेची वाट पाहत. पुढे एका वर्षी आग आपोआप शमली. घरच्यांना हायसे वाटले आणि आजोबा नवस फेडण्यास अनवाणी निघाले. परतल्यावर चौथ्या दिवशी सुनेला चादरीवर पुवाचा डाग दिसला. करंगळीखाली बाभळीचा काटा मोडला होता. आजोबांना पत्ताही नव्हता. करंगळी काढावी लागली.

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने चेतातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात. सर्वांत लांब तंतू आधी, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून. आजारी तंतू आगीचे खोटे निरोप पाठवतात. ते निकामी झाले, की काट्याचा खरा निरोपही पोहोचत नाही. काहींना तर आग कधी होतच नाही, थेट बधिरताच येते.

आगीवर प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधे आहेत. त्यांनी वेदना कमी होते, तंतू दुरुस्त होत नाहीत. शिवाय वृद्धांना गुंगी येऊन तोल जाण्याची भीती, म्हणून आम्ही अल्प मात्रेने आरंभ करतो. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-12 तपासून घ्यावे. त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात. आणि बधिर पायांना गरम पाण्याचा शेक कृपया देऊ नका. प्रेमापोटी भाजलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत.

इंग्लंडमधील इप्सविचच्या डॉक्टरांनी सुचवलेली एक तपासणी घरीच करता येते. ज्येष्ठांना डोळे मिटण्यास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू वा चोळू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. तळवे व बोटांच्या बेचक्या मात्र रोजच पाहाव्यात.

परवा फुलंब्रीत आजोबांकडे गेलो, तेव्हा ते ओट्यावर डोळे मिटून बसले होते. उजव्या पायाची करंगळीच नसल्याने पाचच स्पर्श. सून एकेक बोट टेकवी. “उजवा,” आजोबा म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. “अगं, कर की सुरू,” ते म्हणाले. तिने तोवर डाव्या पायाची तिन्ही बोटे तपासून संपवली होती.