अंधेरीचा सगळ्यात जुना टॉवर

ऑफिस अंधेरीत असलं की आपल्याला दोनच अंधेऱ्या माहीत असतात. एक सकाळी साडेनऊची, दुसरी रात्री आठची. दोन्हींत आपण मान खाली घालून, पुढच्याची सॅक नाकावर आदळू नये म्हणून धडपडत असतो. अशात स्टेशनच्या पश्चिमेला, चालत वीस-एक मिनिटांवर ६१ मीटर उंचीचा काळा कातळ सरळसोट उभा आहे, याचं कुणाला काय? पण बॉस, आहे. आणि तो बघायला रजा टाकावी लागत नाही की टोल भरावा लागत नाही. रविवारची सकाळ पुरते.

नाव गिल्बर्ट हिल. रिक्षावाल्याला ते कळलं नाही तर ‘गावदेवी डोंगरी’ म्हणून बघा. (जवळचं भाडं म्हणून तो नाही म्हणेल, ते वेगळं.) मेट्रोच्या आझादनगर स्टेशनवरून चालतही जाता येतं. मी चालतच जाते, कारण त्यात एक गंमत आहे. एवढा मोठा कातळ दिसतच नाही. गल्ली, सलूनचा बोर्ड, वाणी, कुणाच्या तरी खिडकीबाहेरची कपड्यांची दोरी, आणि एका वळणावर दोन बिल्डिंगांच्या फटीतून अचानक काळी भिंत. क्षणभर वाटतं, प्लास्टर व्हायची राहिलेली इमारतच आहे.

जवळ गेलात की भिंतीवर उभ्या रेघा दिसतात, खांबाला खांब चिकटवून ठेवावेत तशा. हे कुणा कारागिराचं काम नाही. जमिनीच्या पोटातून आलेला लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला चिरा पडत गेल्या. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाचा चिखल तडकून त्याच्या फरश्या होतात ना, तसंच. फक्त इथे चिरा खोलवर उभ्या गेल्या. ही गोष्ट सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीची, दख्खनचं पठार घडवणाऱ्या ज्वालामुखींच्या शेवटाशेवटाची. दगड बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीतला आपला ओळखीचा काळा पत्थर.

असा नामांकित कातळ अमेरिकेतही आहे, वायोमिंग राज्यातला ‘डेव्हिल्स टॉवर’. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये (१९७७) परग्रहावरचे पाहुणे उतरतात ते त्याच्यापाशीच. उंचीने तो आपल्यापेक्षा चौपट, वयाने मात्र आपला थोरला. त्याच्या पायथ्याला फिरायला पायवाट आहे. आपल्याकडे स्कूटर लावलेल्या असतात.

वर जायला कातळातच खोदलेल्या पायऱ्या आहेत. चढ चांगलाच खडा. लिफ्टला सोकावलेल्या मांड्या अर्ध्यावरच तक्रार करायला लागतात. वर गावदेवी आणि दुर्गामातेचं देऊळ, थोडी झाडं आणि भन्नाट वारा.

मला देवळाइतकाच त्या नावात रस आहे. गावदेवी, म्हणजे इथे गाव होतं. आजच्या पश्चिम रेल्वेवरची पहिली लोकल १८६७ साली विरारहून निघाली, तेव्हा तिच्या थांब्यांच्या यादीत ‘अंदारू’ असं एक नाव होतं. ती ही अंधेरी. मुंबई महापालिकेच्या हद्दीत यायला तिला १९५० साल उजाडलं. तोवर हा साष्टी बेटाचा एक कोपरा होता. भाताची खाचरं, वाड्या, आंबोलीसारखी ईस्ट इंडियनांची गावठाणं, वर्सोव्याला कोळीवाडा. गावदेवीचं काम या सगळ्याची राखण करायचं. राखणदाराला उंच जागा हवी, आणि याहून उंच इथे होतं काय?

तिने राखण केली ती आधी स्वतःच्या पायाखालच्या दगडाची. शहर वाढायला लागलं तशी रस्त्यांना खडी हवी झाली, घरांच्या पायाला दगड हवा झाला. गिल्बर्ट हिलच्या आजूबाजूचा दगडही खाणवाल्यांनी काढला, म्हणून तर तो आज चारी बाजूंनी तासल्यासारखा दिसतो. माझा आपला साधा हिशोब आहे: माथ्यावर देऊळ नसतं, तर हा कातळ केव्हाच खडी होऊन कुठल्या तरी रस्त्याखाली गेला असता. भूगर्भशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते. अखेर २००७ साली महापालिकेने त्याला ग्रेड टू हेरिटेजचा दर्जा दिला आणि आसपासच्या खाणकामावर बंदी आली. कायदा धापा टाकत वर पोचला, तेव्हा देवी कधीची तिथे बसलेली होती.

म्हणजे आता दगड फोडला जाण्याची भीती तितकी नाही. भीती आहे ती झाकला जाण्याची. ६१ मीटर म्हणजे साधारण वीस मजले, आणि वीस मजल्यांना आता अंधेरीत कुणी टॉवर म्हणत नाही. पायथ्याच्या चाळी आणि झोपड्यांच्या जागी पुनर्विकासाच्या इमारती चढत आहेत.

वर देवळापाशी हार विकायला बसणाऱ्या एका काकूंना मी विचारलं, “काकू, पूर्वी इथून काय काय दिसायचं?”

“समुद्र दिसायचा की. लहानपणी आम्ही वर्सोव्याच्या होड्या मोजायचो इथे बसून. आता बघ.” त्यांनी हनुवटीने दाखवलं तिकडे एक क्रेन उभी होती.

“हे थांबवायला पाहिजे,” मी आपली ऑफिसच्या मीटिंगमधल्या आवाजात म्हणाले.

काकू हसल्या. “थांबवून कसं चालेल, बाई? माझ्या लेकाची खोली त्यातच यायचीय. दहा वर्षं भाड्याने राहतोय तो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कातळाची काळजी करणाऱ्यांना पायथ्याशी मोकळा पट्टा हवा आहे. आधीच उभ्या चिरा असलेल्या दगडाशेजारी इमारतीच्या पायासाठी ब्रेकर मशिन धडधडणं बरं नव्हे, हे कुणालाही कळेल. खाली राहणाऱ्यांना पक्कं घर आणि घरातच संडास हवा आहे. दोन्ही मागण्या मला पटतात. पण निदान एका बाजूने तरी रस्त्यापासून कातळापर्यंत नजर मोकळी ठेवा की राव! चारी बाजूंनी भिंती उभारून त्याला हेरिटेज म्हणायचं, हे आजीला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवून ‘आमच्याकडे वडीलधारं माणूस आहे’ असं सांगण्यासारखं झालं.

याच अंधेरीत दगडाशी माणसं वेगळं वागल्याचाही पुरावा आहे. त्यासाठी त्याच दिवशी रूळ ओलांडून पूर्वेला जा. सीप्झ आणि एमआयडीसीतली अर्धी जनता महाकाली केव्हज रोडच्या ट्रॅफिकला रोज शिव्या घालते. त्यातल्या किती जणांनी त्या केव्हज पाहिल्यात? कोंडिविटे गावावरून ही कोंडिविट्याचीही लेणी. एकूण १९, बौद्ध भिक्खूंसाठी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सहाव्या शतकापर्यंत खोदत गेलेली. इथला दगडही ज्वालामुखीचाच, पण भरड, त्यामुळे कोरीवकाम बरंच झिजलंय. तरी तिथला चैत्य चुकवू नका. गुहेच्या आत दगडातच कोरलेली एक गोल झोपडी आहे, तिला दगडी जाळीच्या खिडक्या, आणि आत स्तूप. गवता-बांबूची झोपडी कुणीतरी तशीच्या तशी कातळात उतरवली. पावसाळ्याचे महिने एका जागी काढणाऱ्या भिक्खूंना डोक्यावर छप्पर हवं होतं, त्यांनी डोंगर न पाडता तो आतून पोखरला.

डोंगरी आधी करा, लेणी नंतर. उन्हं वर आली की काळा दगड तापतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, नवरात्रात रांग असते. वर चपला काढाव्या लागतात, तेव्हा पायात मोजे असू द्या. आणि हार काकूंकडूनच घ्या, मात्र सुट्टे जवळ ठेवा.