मनाई आणि तपासणी

मनाई करणे हे प्रशासनातील सर्वांत स्वस्त काम आहे. तपासणीला माणसे, यंत्रे आणि वेळ लागतो. मनाईला एक वाक्य पुरते. तिची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा. मला तो माझ्याच मुलाने विचारला.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या या मुलाने सुटीत आमच्या जुन्या मोटारीसाठी घरीच 'बॉडी किट' करायला घेतली. म्हणजे पुढच्या बंपरवर बसणारे आवरण आणि दारांखालच्या दोन पट्ट्या. बंपरवर चिकटपट्टी लावून त्याने फोमचे थर बसवले, करवतीच्या पात्याने आकार दिला, लांबी भरली आणि पॉलिश पेपरने घासून नमुना गुळगुळीत केला. मेण चोळून त्यावरून फायबरचा साचा काढला. मग साच्यात जेलकोट, त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन, असे थरावर थर. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर दोन्ही लागतात, पण ती थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळल्यावरच दुसरे घालायचे, हा नियम त्याने गॅरेजच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला होता. तो त्याने एकदाही मोडला नाही, कारण त्यामागचे कारण त्याला ठाऊक होते.

"बाबा, आता बसवू?" असे त्याने विचारले, तेव्हा मी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ त्याच्यापुढे ठेवले. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

त्याने शांतपणे विचारले, "मग सीएनजी किट कशी चालते?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच कलमात मान्यताप्राप्त किटसाठी वाट ठेवलेली आहे. गॅसची टाकी बसवण्यासारखे जोखमीचे काम आपण तपासून मान्य करतो. बंपरच्या आवरणासाठी तशी सोपी वाट नाही. आवरण दोन इंच पुढे आले, तर तो 'बदल' की नुसती 'शोभा', हे बहुधा रस्त्यावर अडवणारा अंमलदार ठरवतो. जिथे निकष अस्पष्ट, तिथे तडजोडीचा बाजार भरतो, हे सांगायला पदवी लागत नाही.

याचा अर्थ निर्बंधच नको, असा नाही. कारखान्यातला प्लास्टिकचा बंपर धक्क्याने वाकतो. फायबर तडकते आणि त्याच्या कडा धारदार होतात. पुढच्या भागात फेरफार झाला तर एअरबॅगच्या संवेदकांच्या कामात अडथळा येऊ शकतो. हौस मालकाची, पण इजा रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाची. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात आणि तिथे शासनाने हस्तक्षेप करायलाच हवा. हे ऐकल्यावर मुलाने वाद घातला नाही.

मात्र हस्तक्षेप म्हणजे केवळ मनाई नव्हे. जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकेक मोटार तपासून असा बदल नोंदवून देऊ शकतो. आपल्याकडेही परिवहन कार्यालयाने ठरावीक शुल्क घेऊन कडा, मजबुती, दिवे आणि जमिनीपासूनची उंची तपासावी, आणि मंजुरी किंवा नकार कारणासहित लेखी द्यावा. खर्च हौशी माणसाने सोसावा. तो आनंदाने सोसेल.

आज मात्र उलटे घडते आहे. बाजारातून आणलेली, कुणी न तपासलेली आवरणे लावून कितीतरी गाड्या रस्त्याने धावतात. महिनाभर खपून केलेली आमची किट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली आहे. जो विचारतो त्यालाच नकार मिळतो आणि जो विचारत नाही तो निघून जातो, अशा व्यवस्थेत पुढची पिढी विचारणेच सोडून देईल. मनाईची खरी किंमत ती हीच.