बोटांचा हिवाळा

रेनॉड सिंड्रोम असलेल्या माणसाचा हिवाळा कॅलेंडरवर सापडत नाही. निफाडला पारा उतरला की तो येतोच, पण भर वैशाखात फ्रीजमधून कोथिंबिरीची जुडी काढतानाही येतो. बाहेर अंगाची लाही होत असते आणि माझी मधली बोटं पांढरीफटक पडतात. मग निळी होतात आणि रक्त परतलं की लालबुंद. हे परतणंच जास्त छळतं. मुंग्या, ठणका, जळजळ. बोटं पांढरी असतात तेव्हा त्यांना काहीच कळत नसतं. कोथिंबीर मी त्या वेळी निव्वळ डोळ्यांनी निवडते.

थंडी लागली की शरीर हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून ऊब आतल्या इंद्रियांसाठी राखतं. सगळ्यांचंच शरीर हे करतं. आमचं जरा जास्त नेटाने करतं, आणि नको त्या वेळी. मला त्याचा राग येत नाही. जीव वाचवायलाच ते धावून येतं. गार जुडी आणि हिमवादळ यांतला फरक तेवढा त्याला उमगत नाही. मोरीस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात या बोटांचं वर्णन केलं, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. दोष मज्जासंस्थेच्या अतिरेकात आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे त्यावर बरेच वाद झाले. पण मनावर ताण आला की थंडी नसतानाही माझी बोटं पांढरी पडतात, तेव्हा मला त्याची आठवण होते.

“उन्हाळ्यात कसली गं थंडी वाजते तुला?” सासूबाई सुरुवातीला विचारायच्या.

“मला नाही वाजत आई, बोटांना वाजते.”

एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दचकल्याच. तेव्हापासून दूध-भाज्या त्याच आधी बाहेर काढून ठेवतात. हा विश्वास औषधाइतकाच लागतो.

बोटं जपायची तर आधी धड जपावं लागतं. म्हणून हातमोज्यांच्या आधी स्वेटर, आणि एसीच्या ऑफिसात बारमाही स्कार्फ. फ्रीजच्या कडीला मोजे अडकवलेले असतात. भांडी कोमट पाण्यात घासायची. कढत पाण्यात हात मुळीच घालायचा नाही, कारण बधिर कातडीला भाजलेलंही कळत नाही. बोटं पांढरी पडली की हात काखेत धरायचे, नाहीतर खांद्यापासून गोल गोल फिरवायचे. सिगारेट या बोटांची उघड वैरीण, कारण ती रक्तवाहिन्या आणखी आवळते. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून त्या विचारूनच घ्यायच्या. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर निफेडिपिनसारखं औषध देतात.

माझं दुखणं घरातल्या घरात सांभाळता येतं. सगळ्यांचं तसं नसतं. अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डला चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांच्या हाती हवेच्या दाबावर चालणारे हातोडे आले आणि त्यांची बोटं पांढरी पडू लागली. १९१८ मध्ये डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी ते तपासून जगापुढे मांडलं. आपल्याकडे रस्ता फोडणारा ब्रेकर दिवसभर धरून उभ्या असलेल्या माणसाची बोटं कोणी बघतं का? यंत्राची थरथर थंडीइतकीच घातक आहे, आणि त्या माणसाला फ्रीजपासून दूर राहण्याचा सल्ला देऊन काय उपयोग?

हा त्रास बहुधा तरुणपणीच सुरू होतो, बायकांना अधिक, आणि पुष्कळदा त्यामागे दुसरा आजार नसतो. पण चाळिशीनंतर प्रथमच झाला, एकाच हाताला झाला, बोटांवर जखमा होऊ लागल्या किंवा कातडी ताठर वाटू लागली, तर थांबू नका. त्यामागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखा दुसरा आजार असू शकतो. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटांचा रंग परतलेला असतो, म्हणून बोटं पांढरी पडतील त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढा आणि तो संधिवाततज्ज्ञांना दाखवा.